तपासून दिलेला कॅमेरा

प्रियंका: ...आठ रोल, काका. एक नाही, दोन नाही. आठ.

लवू: ऐकलं. तीनदा सांगून झालं. समोरच्या बिल्डिंगमध्येपण कळलं असेल आता.

प्रियंका: मग उत्तर द्या ना.

लवू: कसलं उत्तर? बेल वाजवलीस, प्रियंका म्हणून नाव सांगितलंस आणि कॅमेरा माझ्या टेबलावर आपटलास. पहिली गोष्ट, कॅमेरा आपटत नाहीत.

प्रियंका: आपटला काय, फेकला काय, फरक काय पडतो? डबडं आहे ते.

लवू: डबडं विकत कोणी घेतलं? मी?

प्रियंका: मी घेतलं. इन्स्टाग्रामवर ‘शटरवाडी’ म्हणून पेज आहे, जुने कॅमेरे विकतात. त्या मिहिरकडून घेतलं. आणि का घेतलं तेपण सांगते. बॉक्समध्ये हे कार्ड होतं. वाचू?

लवू: वाच. पाठ आहे माझं, पण वाच.

प्रियंका: ‘आतून-बाहेरून तपासून दिला. लवू धुरी, कॅमेरा दुरुस्ती, मुलुंड पूर्व. चाळीस वर्षांचा अनुभव.’ खाली सही. तुमचीच ना?

लवू: माझीच. लवू धुरीची सही चोरून कोणी काय करणार? मी काय तहसीलदार आहे?

प्रियंका: म्हणजे हा कॅमेरा तुम्ही तपासलात.

लवू: तपासला असणार. मिहिर महिन्याला पिशवी भरून आणतो. दहा, बारा. एकेकाचं बारसं थोडंच लक्षात ठेवतो मी?

प्रियंका: मग आठही रोल अर्धे काळे का आले?

लवू: लॅबवाल्याला विचार. आजकाल लॅब म्हणजे काय, दोन पोरं आणि एक बादली. केमिकल जुनं वापरतात, रीळ उलटंसुलटं घालतात आणि वर इंग्रजीत सॉरी म्हणतात.

प्रियंका: विचारलं. अंधेरीला जाऊन, समोर उभी राहून विचारलं. त्यानं निगेटिव्ह लाइटवर धरून दाखवली. प्रत्येक फोटोत उजवी बाजू गायब, एकाच रेषेत कापल्यासारखी. तो म्हणाला, ताई, हे आमचं नाही, शटरचा पडदा अर्ध्यात मिटतोय.

लवू: लॅबवाला शटर शिकवणार आता. झकास.

प्रियंका: तुम्ही शिकवा ना मग. मी बसलेय.

लवू: बस. पण आधी मला सांग, कसले फोटो होते एवढे? लग्न? प्रीवेडिंग? त्या पवईच्या तलावावर झाडाला टेकून उभं राहतात, तसले?

प्रियंका: आमच्या वस्तीचे. घाटकोपरला, पंचशील नगर. रीडेव्हलपमेंटला गेली. तोडायच्या आधी मी प्रत्येक घराच्या दारात त्या घरातल्या माणसांना उभं करून फोटो काढला. दोनशे बारा घरं. चार रविवार लागले.

लवू: बरं.

प्रियंका: बरं काय? घरं तोडली. गेल्या महिन्यात. आता तिथे पत्रे ठोकलेत.

लवू: मोबाइल नव्हता तुझ्याकडे? आता खिशात हात घातलास तर दिसेल मला... असेलच की एखादा. त्याच्यावर का नाही काढलेस?

प्रियंका: मोबाइल धरला की लोक बत्तीशी दाखवतात. बोटं वर करतात. आणि लगेच, दाखव गं, माझं पोट दिसतंय, परत काढ. हा कॅमेरा धरला की गप्प उभे राहायचे. भीमराज आजोबा आत जाऊन कोट घालून आले. मे महिन्यात, दुपारी एक वाजता, कोट. एकच फोटो निघणार म्हटल्यावर माणूस वेगळा उभा राहतो.

लवू: हां. तेवढं बरोबर बोललीस. शटर किती ठेवलं होतंस?

प्रियंका: हजार. कधी पाचशे.

लवू: हजार? उभ्या माणसाला सेकंदाचा हजारावा भाग? तुझे आजोबा कोट घालून पळत होते की काय?

प्रियंका: ऊन होतं. आणि लेन्सची रिंग मधेच अडकलेली, पुढे-मागे सरकतच नव्हती. मग उजेड कमी करायला शटरच वाढवायला लागायचं ना?

लवू: रिंग अडकलेली? आणि तरी घेतलास?

प्रियंका: मिहिर म्हणाला, व्हिंटेज आहे, एवढं असायचंच.

लवू: व्हिंटेज! पंचवीस वर्षांपूर्वी ह्यालाच भंगार म्हणायचे. नाव बदललं की किंमत बदलते. आणि तुम्ही शिकलेसवरलेले लोक, अडकलेली रिंग हातात घेऊन ‘अय्या, व्हिंटेज’ म्हणता. कामाला कुठे आहेस तू?

प्रियंका: इथेच, मुलुंड वेस्टला. डायग्नोस्टिक सेंटरमध्ये. एक्सरे टेक्निशियन.

लवू: मग तर कमालच झाली. मशीन न तपासता घेतेस काय पेशंट?

प्रियंका: नाही घेत. रोज सकाळी आधी मशीन चेक करते, मग पहिला पेशंट.

लवू: मग ह्याला एक टेस्ट रोल घालायला काय झालं होतं?

प्रियंका: घातला होता. घरात, संध्याकाळी, तिसाव्यावर नाहीतर साठाव्यावर. चांगला आला. उन्हात हजारवर नाही बघितलं.

लवू: का नाही बघितलं?

प्रियंका: तुमची सही होती म्हणून. आमच्याकडे मशीनला सर्व्हिस इंजिनियर येतो. तो सही करून स्टिकर लावतो. त्या स्टिकरवर विश्वास ठेवूनच आम्ही माणसांच्या अंगावर किरणं सोडतो. सही म्हणजे माझ्यासाठी तेवढी गोष्ट आहे. तुमच्यासाठी काय आहे, ते मला माहीत नाही.

लवू: भाषण झालं? आण तो कॅमेरा इकडे. बोलू नको आता. कान लावू दे.

प्रियंका: कान?

लवू: गप. हा एक सेकंद... ऐकलंस? दीड चाललाय. रडतोय आतमध्ये. हा अर्धा... हापण लांबलाय. पंधरावा बरा आहे. तिसावा बरा. आता वास घे इथे. घे, नाक जवळ ने.

प्रियंका: तेलाचा वास येतोय. स्प्रे मारल्यासारखा.

लवू: दाराच्या कडीला मारतात तोच स्प्रे. कोणीतरी खालून नळी घालून मारलाय. दोन दिवस शटर पळतं, मग धूळ धरून चिकट होतं. असलं काम करणाऱ्याचा हात मोडला पाहिजे.

प्रियंका: म्हणजे मिहिरनं मारला?

लवू: नाहीतर त्याच्या आधीच्यानं. मी नाही. मी आयुष्यात शटरला स्प्रे दाखवला नाही. हाताला सुई, सुईच्या टोकाला तेलाचा ठिपका. वर्सोव्याचा एक कोळी होता माझं गिऱ्हाईक, लग्नांचे फोटो काढायचा. खाऱ्या वाऱ्यानं त्याच्या याशिका कॅमेऱ्याचं गंजून पार लोणचं झालेलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याच मेव्हणीचं लग्न, आणि मी कॅमेरा दिला नाही. म्हटलं, शटर दहात एकदा दगा देतंय, उद्या नेमका मंगळसूत्राला देईल. पाया पडला माझ्या. नाही दिला. भाड्यानं दुसरा आणला त्यानं, आणि वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

प्रियंका: आणि माझ्या वेळेला?

लवू: तुझं बघतोय ना. स्लो स्पीड सुस्त आहेत, ते मान्य. पण तू हजारवर काढलेस. हजारला काही झालेलं नसणार. थांब, खिडकीवर धरून बघू. ही जुनी पद्धत आहे, तुमच्या यूट्यूबच्या आधीची. मागचं झाकण उघडायचं, लेन्स काढायची, उजेडाकडे धरायचं, आणि मागून डोळा लावून बटण दाबायचं. अख्खी चौकट चमकली तर शटर चांगलं. ...हं. चमकली. अख्खी. बघ, लॅबवालाच चोर.

प्रियंका: मला बघू द्या.

लवू: बघ की. कोण नाही म्हणतंय?

प्रियंका: ...अर्धीच चमकतेय.

लवू: डोळा नीट लाव.

प्रियंका: लावलाय. परत दाबते. ...अर्धीच, काका. एका बाजूला पट्टा काळाच राहतोय.

लवू: तुझी मान वाकडी असेल.

प्रियंका: मान सरळ आहे माझी.

लवू: सवय लागते त्याला. चाळीस वर्षं बघतोय मी. काल आलेली पोर मला सांगणार, अर्धी आणि अख्खी?

प्रियंका: ठीक आहे, भांडण नको. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेते. तुम्ही धरा, मी दाबते. ...झालं. बघा आता.

लवू: दाखव.

प्रियंका: नीट बघा. पडदा कुठपर्यंत जातोय?

लवू: जातोय की. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्वच्छ. आता बोल.

प्रियंका: काका.

लवू: काय?

प्रियंका: स्क्रीन बंद आहे. काळा मोबाइल धरलाय मी तुमच्यासमोर.

लवू: हलकट आहेस तू.

प्रियंका: आहे. आणि तुम्हाला दिसत नाही.

लवू: दिसतं.

प्रियंका: माझ्या कपाळावर टिकली आहे की नाही?

लवू: ...कडेनं दिसतं. मधोमध नाय दिसत. ज्या वस्तूकडे बघावं, नेमकी तीच जाते. तुझे कान दिसतात, केस दिसतात, ओढणी निळी आहे तीपण दिसते. तोंड नाय. तोंडाच्या जागी धुरकट डाग. आधी बारीक स्क्रू जायला लागले. मग मोठे. मग आकडे.

प्रियंका: कधीपासून?

लवू: दिवाळीला तीन वर्षं होतील. डोळ्यात इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाला, उरलंय तेवढं सांभाळा.

प्रियंका: तीन वर्षं. आणि ह्या पेजवाल्याला सह्या कधीपासून देताय?

लवू: दोन.

प्रियंका: म्हणजे एकपण कॅमेरा तुम्ही उघडलेला नाही. एकपण.

लवू: कान आहेत माझे. बोटं आहेत. आत्ता बघितलंस ना, दीड सेकंद...

प्रियंका: हजार कानानं कळतो का?

लवू: नाय कळत. हजारला सगळे सारखेच वाजतात. चांगला काय, मेलेला काय.

प्रियंका: आणि हे तुम्हाला माहीत होतं.

लवू: माका ठाऊक होता. बस? ठाऊक होता.

प्रियंका: किळस येते मला तुमची. खरंच. दहा मिनिटं त्या कोळ्याची गोष्ट ऐकवलीत. मंगळसूत्राला दगा देईल म्हणे. आमच्या माणसांना दिला तर चालतो?

लवू: कित्याक ओरडतंस? घरात कोण नाय. बायको बोरिवलीक लेकीकडे गेली, नायतर ती तुझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली असती. तिला ठाऊक आहे, दिसत नाय ते. सह्यांचं ठाऊक नाय.

प्रियंका: का केलंत? पैशासाठी?

लवू: पैसे! चहापाण्याचे देतो तो. ऐक. एक काळ असा होता की अंधेरीचे फोटोग्राफर रिक्षानं यायचे, कॅमेरा मांडीवर घेऊन, तापलेल्या पोराला आणल्यासारखा. ह्याच टेबलासमोर रांगेत बसायचे. मग डिजिटल आलं, आणि माणसं यायची बंद झाली. मग डोळे गेले. मग एक दिवस हा मिहिर पिशवी घेऊन दारात. ‘उस्ताद’ म्हणाला मला. टेबलावर बारा कॅमेरे ठेवले. मी एकेक हातात घेतला. काय सांगू तुला? त्याला जर सांगितलं असतं की दिसत नाय, तर तो पिशवी उचलून गेला असता.

प्रियंका: म्हणून फसवलंत त्याला.

लवू: फसवलं. त्यालापण, तुलापण. पण थांब. त्याला आज सांगून टाकतो. माझं नाव काढ म्हणतो कार्डावरनं. फोन दे तो, टेबलाच्या कोपऱ्यात असेल. तीन नंबरचं बटण दाबून धरलं की त्यालाच लागतो.

(लवू फोन स्पीकरवर टाकतात.)

मिहिर: बोला उस्ताद! आज स्वतःहून फोन? गुरुवारी येतोच आहे मी, अकरा पीस आहेत. एक तर असला भारी सापडलाय ना, पार्ल्याच्या एका आजींच्या माळ्यावर.

लवू: गुरुवारी येऊ नको, मिहिर. माझी कार्डं बंद कर.

मिहिर: का? काय झालं?

लवू: एक मुलगी आलीय. प्रियंका. तिला तू दिलेल्या कॅमेऱ्याचा पडदा अर्ध्यात मिटतोय. आठ रोल गेले तिचे.

मिहिर: अरे यार, ती घाटकोपरवाली? मला पण मेसेज केलेत तिनं, पन्नास एक. रिफंड देतो म्हणालो तर ऐकत नाही. तुम्ही नका टेन्शन घेऊ काका. नव्वद टक्के गिऱ्हाइकं फिल्म घालतच नाहीत. गळ्यात अडकवायचा, आरशासमोर फोटो काढायचा, तोपण मोबाइलवर. संपलं. ही एकच निघाली खरोखर वापरणारी.

लवू: तिनं वापरला ही तिची चूक?

मिहिर: चूक नाही हो, नशीब. पन्नास वर्षं जुनी वस्तू आहे, बिघडणारच.

लवू: मिहिर, माझं ऐक. मला दिसत नाही. तीन वर्षं झाली. तुझा एकपण कॅमेरा मी नीट बघितलेला नाही. मी तुला फसवलं. आता तुला कळलंय, आता तरी बंद कर.

मिहिर: ...काका, मला माहीत आहे ते.

लवू: काय माहीत आहे?

मिहिर: तुम्हाला दिसत नाही ते. पहिल्याच दिवशी कळलं होतं. लेन्सवर टोपी तशीच होती, काळी, आणि तुम्ही खिडकीकडे धरून मला म्हणालात, काच स्वच्छ आहे, बुरशीचा ठिपका नाही. मी काहीच बोललो नाही.

लवू: का नाही बोललास?

मिहिर: का म्हणजे? दिसणारा कोणी असता तर त्यानं बारातले नऊ परत केले असते. मला सही हवी होती, तुम्हाला कामात असल्यासारखं वाटायला हवं होतं. दोघांचं भागत होतं ना? मी कधी तुमचा अपमान केला? ‘उस्ताद’शिवाय हाक मारली नाही.

लवू: आता बंद कर म्हणतोय मी.

मिहिर: काका, कार्डं आता छापूनच येतात. तुमची सही स्कॅन केलीय दिवाळीतच. तुमची सही रेषेबाहेर जायला लागली होती, बरी येत नव्हती. गुरुवारी मी येतो ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून. नको असेल तर नाही येणार.

लवू: माझ्या परवानगीशिवाय माझं नाव छापतोस, मेल्या?

मिहिर: पहिल्या दीडशे कार्डांवर परवानगी दिलीत ना, स्वतःच्या हातानं? मग कुणाला सांगणार आहात? आणि काय सांगणार? आंधळेपणी सह्या केल्या म्हणून? शांत व्हा. चहा घ्या. आपण नंतर बोलू.

लवू: हॅलो? ...ठेवला.

प्रियंका: ठेवला.

लवू: उस्ताद. उस्ताद म्हणायचा भडवा.

प्रियंका: काका, पाणी देऊ?

लवू: नको. दया दाखवू नको, शिव्या देत होतीस तेच बरं होतं. मला वाटायचं, मी त्याला गंडवतोय. रात्री झोप लागायची नाय त्या विचारानं. आणि ह्यो पोरगो समोर बसून टोपी लावलेली लेन्स बघत होता, आणि हसत होता मनात.

प्रियंका: मी रेकॉर्ड केलंय. तुमचा फोन स्पीकरवर होता, मी माझ्या मोबाइलवर घेतलं.

लवू: सगळं?

प्रियंका: ‘बोला उस्ताद’पासून. त्याच्या पेजला तीस हजार लोक आहेत. त्यांच्यासमोर टाकते आज. ते टोपीचं वगैरे मी कापते. तुमचं नाव पण कापता येईल. फक्त त्याचं ठेवते.

लवू: कापू नको.

प्रियंका: काका, नातेवाईक बघतील. इथले, गावचे. बिल्डिंगमध्ये फिरेल ते.

लवू: फिरू दे. टोपीचं कापलंस तर राहिलं काय? एक मिहिर वाईट आणि एक बिचारा म्हातारा. तसा मी नाय. सह्या मीच केल्या, हात धरून कोणी नाय करून घेतल्या. अख्खं टाक. पुढच्या वेळेला कोण ते कार्ड बघून कॅमेरा घेईल, त्याला कळू दे लवू धुरीला काय दिसतं ते.

प्रियंका: नक्की? नंतर फोन करून डिलीट कर म्हणाल.

लवू: म्हणेन कदाचित. करू नको. टाक आत्ता, माझ्यासमोर.

प्रियंका: ...टाकलं.

लवू: हं. आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. वस्तीत काय सांगितलंयस तू?

प्रियंका: कशाचं?

लवू: फोटोंचं. दोनशे बारा घरं उभी केलीस उन्हात. ती विचारत नाहीत, फोटो कुठे?

प्रियंका: विचारतात.

लवू: मग?

प्रियंका: धुवायला दिलेत म्हणून सांगितलं.

लवू: तेव्हा दिलेले होते. आता? काळे आलेत हे कळून किती दिवस झाले?

प्रियंका: नऊ.

लवू: नऊ दिवसांत किती जणांना म्हणालीस, धुवायला दिलेत?

प्रियंका: तुम्ही मला शिकवू नका हां. माझी आणि तुमची गोष्ट एक नाही.

लवू: नाय, एक नाय. माझी दोन वर्षांची आहे, तुझी नऊ दिवसांची. तू अजून नवीन आहेस एवढंच.

प्रियंका: काय सांगू त्यांना? भीमराज आजोबा दर रविवारी विचारतात. घरं तोडली तरी विहार अजून उभं आहे, सगळे रविवारी तिथे येतात. कळव्याहून, दिव्याहून, भाड्यानं जिथे जिथे गेलेत तिथून. आजोबा म्हणतात, प्रियंके, माझा कोटातला फोटो मोठा करून दे, नव्या घरात लावायचाय. मी म्हणते, हो आजोबा. आज रविवार आहे. आज जायचं नाही म्हणून मी तुमच्याकडे आले, कळलं? भांडायला तर आलेच. पण तिथे जायला नको म्हणून पण आले.

लवू: उजवी बाजू गेली म्हणालीस. माणसं कुठे उभी होती?

प्रियंका: दाराच्या उजवीकडे. मुद्दाम, सगळी एकाच पद्धतीनं. म्हणून तर... दारं आलीत सगळी. पाटी, तोरण, चपला, पाण्याचं पिंप. माणसं नाहीत. कुणाचा खांदा आलाय, कुणाची कोपरं.

लवू: दारं आलीत?

प्रियंका: हो.

लवू: मग जे पाडलं ते आलंय तुझ्याकडे. माणसं काय, जित्ती आहेत, परत उभी राहतील.

प्रियंका: असं सोपं करू नका. त्यातल्या राधाआजी गेल्या, पंधरा दिवसांपूर्वी. त्यांचा दुसरा फोटोच नाही, आधार कार्डावरचा सोडून. त्यांच्या दारात फक्त साडीचा काठ आलाय.

लवू: ...चुकलं माझं. काहीतरी बरं बोलायला गेलो.

प्रियंका: नका बोलू.

लवू: किती वाजता जमतात विहारात?

प्रियंका: चारला. का?

लवू: येतो मी.

प्रियंका: तुम्ही? कशाला? लोक फाडून खातील तुम्हाला.

लवू: खाऊ दे. तुला एकटीला खाण्यापेक्षा बरं. मी उभा राहतो आणि सांगतो, कार्डावर सही माझी होती आणि मला दिसत नव्हतं. पुढचं तू सांग, नऊ दिवसांचं. तुझं मी नाय सांगणार.

प्रियंका: राधाआजींचा मुलगा असेल तिथे.

लवू: असू दे. त्यालाच आधी सांगू.

प्रियंका: हे बघा, तुम्ही आलात म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं नाही होणार.

लवू: मी मागितलीय काय माफी? शर्ट बदलतो फक्त. हा कॉलरला फाटलाय ना? हाताला लागतंय.

प्रियंका: फाटलाय. आणि बटणं पण वरखाली लावलीत.

लवू: सकाळपासून?

प्रियंका: मी आले तेव्हापासून तरी.

लवू: सांगायचं नाय काय?

प्रियंका: राग होता.

लवू: हं. चल. कडी लावून घे बाहेरनं. आणि हात नको धरू माझा, जिना पाठ आहे. रिक्षा पलीकडे मिळतात... रस्ता ओलांडताना मात्र सांग.